पाय आधी

पहिला महिना ठोसा नाही.
अल्हाट सरांनी खडूनं फरशीवर दोन पावलं काढली,
लक्ष्मीची काढतात तशी नव्हेत,
एक पुढे, एक मागे, दोन्ही तिरकी.
म्हणाले, ह्यात उभी राहा.
सातपूरच्या शेडमध्ये, लेथच्या मागच्या बाजूला,
कटिंग ऑइलच्या वासात,
सहा दहापासून सातच्या भोंग्यापर्यंत
मी नुसती उभी.

वय एकोणतीस. अंबडला स्विच तपासते,
दिवसाला बाराशे. टक चालू, टक बंद.
म्हटलं, सर, उभं राहण्याचाच तर पगार घेते मी.
म्हणाले, ते खांबाचं उभं राहणं.
इथं कुणी ढकललं तर पडायचं नाही,
आणि ढकलायला येईपर्यंत तिथं असायचं नाही.

मागची टाच उचललेली, खालून कागद सरकेल एवढीच.
गुडघे सैल.
कोपरं बरगड्यांशी.
हनुवटीखाली लिंबू धरलंय असं समज,
पडलं तर सरबत तू करायचंस.

देवळालीच्या तोफखान्यात बावीस वर्षं.
एक कान तिथंच राहिला.
त्यांना ऐकू जावं म्हणून आम्ही ओरडायचो,
ते मात्र देव्हाऱ्यासमोर बोलावं तसं बोलायचे.

निफाडचा गारठा नाशकात उतरला
त्या आठवड्यात पहिला जॅब.
डावा हात, सरळ,
दार लोटलेलं आहे की कडी लावलीय ते बघायला जावा तसा,
आणि गेल्या वाटेनंच गालापाशी परत.
जाणारा हात कुणीही बघतं, सर म्हणाले,
परतणारा बघ.
आणि श्वास सोड. प्रत्येक ठोशाला. फुस्.
तोंडातून वाफ दिसली नाही
तर ते ठोसा मोजायचेच नाहीत.
चाळीस मारले, सत्तावीस भरले.
बाकीचे तेरा पोटातच राहिले कुठंतरी.

बॅग म्हणजे पिंपळगावच्या बेदाण्याची गोणी,
आत चिंध्या, वर रेक्झिनचा जुना सीट-कव्हर.
जोरात बसला तर गोड वास यायचा.
नुसता हात फिरवला तर यायचा नाही.
उजवा ठोसा खांद्यातून नाही, टाचेतून येतो
हे मला त्या वासानं शिकवलं.

रिंग म्हणतात आणि असते चौकोनी.
आमची तर खडूची.
एका कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, एकात पाय मोडकी खुर्ची,
उरलेले दोन आपले आपण समजून घ्यायचे.

फेब्रुवारीत सायमा समोर.
भद्रकालीची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला,
माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तीन किलोंनी हलकी.
ग्लोव्ह्ज टेकवले. हसली. दात दिसेनात, निळं रबर दिसलं.
मग तिचा जॅब.
नाकात लोखंडाची चव, आणि मी, पाय विसरून,
दोन्ही हातांनी हवा झोडपत.
तीन मिनिटं एवढी लांब असतात
हे बाराशे स्विच तपासूनही कळलं नव्हतं.

डोळे किती वेळा मिटलेस? सरांनी विचारलं.
एकदा.
त्यांनी दहा बोटं दाखवली, मिटली,
मग एक.

घरात आवाज चढला की मी डोळे मिटायचे,
सहावीत असल्यापासून.
ते त्यांना सांगितलं नाही.
त्या ऐकू न येणाऱ्या कानाशी सांगावंसं मात्र वाटलं.

आणि एक गोष्ट कुणी आधी बोलत नाही.
ग्लोव्ह्ज एकटीला काढता येत नाहीत.
नाक पुसता येत नाही,
बाटलीचं झाकण उघडत नाही,
कपाळावरचा केस तसाच डोळ्यात.
सायमानं आधी स्वतःची दातांनी ओढून सोडली,
मग माझ्या लेस,
मग चार मीटर पट्टी, घामानं ओली,
बोटांमधून, मनगटावरून, उलट्या क्रमानं.
बेकरीतल्या पोरानं गुंडाळावा तसा तिचा घट्ट रोल केला
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
दुखलं? म्हणाली.
हो म्हटलं.

बस अजून यायची होती.
कोपऱ्यावर भेळभत्त्याचा एक पुडा घेतला, दोघींत.
माझी बोटं नीट मिटत नव्हती, मुरमुरे सांडत होते.
ती मिरची बाजूला काढत होती,
आणि माझ्या लक्षात आलं,
फुटपाथवर, बस बघत,
माझा डावा पाय
अर्धं पाऊल पुढं आहे.